चाकाआधी हातकाम शिकवा

कारागृहातल्या बायकांना कुंभारकाम शिकवावं, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण त्या लेखात सगळा भर चाकावर का? आमचं घर कुंभाराचं. पूर्वी बाईनं चाकाला हात लावायचा नाही म्हणे, पण माती चाळणं, मळणं, थापटणं, रंगवणं बायकांच्याच गळ्यात! आणि खरी मेख तिथंच असते. मळताना आत हवा राहिली किंवा सुकवायची घाई केली, की भट्टीत भांडं तडकायची भीती. चाकावर गोळा मधोमध बसवायलाच महिनोन्‌महिने जातात. त्यात बऱ्याच जणी कच्च्या कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या; जामीन झाला की शिकणं अर्धवट. शिवाय बाहेर पडल्यावर चाक न्‌ भट्टी कोण देणार?

त्यापेक्षा बेंदराचे, म्हणजे पोळ्यासारख्या बैलांच्या सणाचे, मातीचे बैल शिकवा. हातानं घडतात, नुसते वाळवून रंगवले तरी विकतात. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून कुंड्याही होतात, चाक लागत नाही. आणि गिऱ्हाईक मिळेल का म्हणाल, तर कोल्हापूरच्या कळंबा जेलमधल्या कैद्यांच्या हातचे लाडू अंबाबाईच्या प्रसादाला चाललेच की! फक्त मजुरी किती मिळणार, तेवढं लेखात यायला हवं होतं.