साठ पानांचा कोरा पासपोर्ट

आमच्या मोठ्या वन्संचा पासपोर्ट कपाटात नसतो, टीपॉयखालच्या कप्प्यात असतो. पाहुणे आले की चटकन काढता यावा म्हणून. आधी चहा, मग चिवडा, मग पासपोर्ट, असा तिथला क्रम आहे आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही. युरोपच्या शिक्क्यावर कोपऱ्यात एक बारीकसं चित्र असतं हे मला तिथेच कळलं. विमानाने आलात तर विमान, गाडीने आलात तर गाडी, रेल्वे असेल तर रेल्वे आणि बोटीने आलात तर चक्क बोट. बाण पण असतो, आत येताना आत आणि जाताना बाहेर. शिवाय येतानाच्या चौकटीचे कोपरे टोकदार आणि जातानाचे गोलसर. मी चष्मा लावून सगळं नीट बघून घेतलं. वन्संकडे विमानंच विमानं होती. बोट एकही नव्हती.

तेव्हाच माझ्या मनाने घेतलं की आपल्याकडे बोट पाहिजे.

आता यात हसण्यासारखं काही नाही, मी बँकेत काउंटरला होते आणि माझी आख्खी नोकरी शिक्के मारण्यात गेलीये. कॅशचा वेगळा, ट्रान्सफरचा वेगळा, गोल सील वेगळं, सकाळी आल्या आल्या आधी तारीख फिरवायची, पॅडवर शाई सोडायची आणि मग दिवसभर धपाधप. एवढ्या वर्षांनी मला नुसता ठसा बघून कळतं की मारणाऱ्याने मन लावून मारलाय का लंच टाइमच्या घाईत मारलाय. पण हे सगळं लोकांच्या कागदांवर. माझ्या कागदावर कुणीतरी असा ऐटीत शिक्का मारावा आणि मी समोर नुसतं उभं राहावं, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यासाठी पासपोर्ट काढताना अहोंनी ३६ पानांचा घेतला दीड हजारात आणि मी ६० पानांचा घेतला दोन हजारात. "जास्तीच्या पानांवर काय हिशोब लिहिणारेस का?" असं हे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

युरोपची क्रूझ काही आमच्या पेन्शनीत बसेना, म्हणून सिंगापूरवरून सुटणारी घेतली. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. म्हणजे तीन देश, आणि प्रत्येक ठिकाणी येतानाचा एक, जातानाचा एक असा मी मनातल्या मनात ताळेबंद पण जुळवून ठेवला होता.

सुरुवात बरी झाली. मुंबई एअरपोर्टला काउंटरवरच्या साहेबांनी पासपोर्ट घेतला, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मधलंच कुठलंतरी पान उघडून ठक्‌ करून मारला. तिरका. उजवी बाजू पुसट. आमच्या जुन्या मॅनेजर साहेबांनी परत मारायला लावला असता, पण मागे लाईन होती आणि हे कोपराने ढोसत होते, म्हणून सोडून दिलं. म्हटलं आपला तर आपला, खरे शिक्के पुढे आहेत.

पुढे काय होतं, तर मशीन. चांगी एअरपोर्टला पासपोर्ट काचेवर ठेवला, कॅमेऱ्यात बघितलं, अंगठा टेकवला, दार उघडलं आणि मी सिंगापूरमध्ये. माणूस नाही, काउंटर नाही, पॅड तर नाहीच नाही. मी पलीकडे जाऊन तशीच उभी राहिले की आता कुणीतरी बोलवेल, "मॅडम, इकडे या, तुमचं राहिलं." कुणी बोलवलं नाही. तेवढ्यात फोन टुंग वाजला. ईमेल. तुम्हाला इतके दिवस राहायची परवानगी आहे वगैरे. आमच्या टूर मॅनेजरने, म्हणजे वयाने पोरगाच आहे हो तो, सांगितलं की इथे बाहेर पडतानाचा शिक्का २०१६ च्या एप्रिलमध्येच बंद झालाय आणि नंतर आत येतानाचाही गेला, आता हा ईमेल म्हणजेच शिक्का. वर म्हणे, "काकू, हाँगकाँगने तर २०१३ पासूनच बंद केलाय, नुसती चिठ्ठी द्यायला लागले." याच्यात सांत्वन कुठे होतं ते मला अजून कळलेलं नाही. हे म्हणाले, प्रिंट काढ आणि लॅमिनेट कर.

क्रूझ टर्मिनलला तर पुढचीच गंमत. पुन्हा मशीन, पुन्हा अंगठा, आणि बोटीच्या चेक-इनला गोड हसत त्या मुलीने आमचे पासपोर्टच काढून घेतले. एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, आमच्या आख्ख्या ग्रुपचे, एकावर एक. मी पावती मागितली. सरकारी डॉक्युमेंट असं पावतीशिवाय हातचं सोडायचं म्हणजे काय! तिने पावतीऐवजी बोटीचं एक कार्ड दिलं, ज्याने खोली उघडते, कॉफी मिळते आणि बोटीतून खाली-वर जाता येतं. म्हटलं, आणि देशात शिरायचं ते?

"त्याच कार्डावर, काकू. आणि सोबत पासपोर्टची झेरॉक्स," टूर मॅनेजर म्हणाला.

"आणि शिक्का?"

तेव्हा त्याने मला जे समजावलं ते मी आजवर पचवू शकलेले नाही. बोट बंदराला लागली की बोटीवाले सगळ्या लोकांची यादी तिथल्या इमिग्रेशनला देतात, ते लोक यादी बघून आख्खी बोट एकदम क्लिअर करतात, मग कुणाचं एकेकाचं बघायचं कारण उरत नाही. युरोपात सुद्धा म्हणे नियमातच लिहिलंय की क्रूझवरच्या ज्या पॅसेंजरांची अशी वेगळी तपासणी होत नाही त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारायचा नाही. म्हणजे देशात येते ती बोट. आपण नाही. आपण तिच्या पोटातला माल, उतरवला तर उतरवला.

बोट छानच होती, त्याबद्दल तक्रार नाही. जेवण चोवीस तास, जैन वेगळं, आणि एक आजोबा रोज रात्री बारा वाजता आईस्क्रीमच्या मशीनपाशी भेटायचे. असो.

पेनांगला बोट लागते ती थेट जॉर्ज टाऊन गावातच, स्वेटनहॅम पियरला, उतरलं की पाच-दहा मिनिटांत जुना किल्ला. गाव फार सुंदर, २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, भिंतींवर चित्रं आहेत, लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली घरं आहेत, आणि लिटिल इंडियात तर दुकानाबाहेर कढईत वडे तळत होते. बाकीचा ग्रुप तिकडे पळाला. मी मात्र टर्मिनलमध्ये युनिफॉर्म दिसला की थांबत होते. शेवटी एका डेस्कवर डोक्याला स्कार्फ बांधलेली एक बाई दिसली, हसरा चेहरा, आणि तिच्यासमोर, मी शपथेवर सांगते, पॅड होतं. निळं. मी झेरॉक्स पुढे केली आणि म्हटलं, "स्टॅम्प, प्लीज."

ती म्हणाली, "नो नीड, मॅडम. शिप क्लिअर."

म्हटलं, "आय नो शिप क्लिअर. आय वॉन्ट."

"ऑन फोटोकॉपी?"

"येस."

तिने शेजारच्या माणसाला बोलावलं, त्याने आणखी एकाला बोलावलं, तिघांनी मिळून माझी झेरॉक्स उलटसुलट करून बघितली आणि अतिशय नम्रपणे मला परत दिली. सगळ्यांनी हसून हात हलवले. हे तोपर्यंत बरेच पुढे जाऊन एका नकाशासमोर पाठ करून उभे होते, आपलं आणि या बाईचं काही नातं नाही अशा पोझमध्ये.

पण मी काही हार मानणारी नाही. शिक्का मारणारं माणूस जगात आणखी कुठे असतं? पोस्टात! पिक्चर पोस्टकार्ड घेतलं, तिकीट घेतलं, ते चिकटवलं, वन्संचा पत्ता लिहिला आणि काउंटरवरच्या गृहस्थांना खुणेने सांगितलं की मशीनमध्ये नको, हाताने मारा, माझ्यासमोर. त्यांनी काय ओळखलं कोण जाणे. कदाचित आमच्या जातीची माणसं एकमेकांना ओळखत असतील. त्यांनी आधी रद्दी कागदावर एक ट्रायल मारला, तारीख बघितली, मग शिक्का पॅडवर दोनदा टेकवला आणि मनगट न हलवता सरळ खाली दाबून एक सेकंद थांबून उचलला. काय सांगू, गोल पूर्ण, कड शाबूत, तारखेचा आकडा न्‌ आकडा वाचता येतोय! मला तर ते कार्ड पेटीत टाकवेना. हे म्हणाले, "ज्यांच्यासाठी घेतलंय त्यांना पाठव." टाकलं.

फुकेतचं तर विचारूच नका. तिथे बोट पातोंग बीचच्या समोर समुद्रातच नांगर टाकून उभी राहते आणि छोट्या बोटीतून आपल्याला किनाऱ्यावर नेऊन सोडतात. समोर वाळू, छत्र्या आणि मसाजवाल्या मुली. आख्ख्या देशात मी चप्पल हातात घेऊन शिरले. इमिग्रेशन म्हणावं असा तिथे एकच माणूस होता, तो बोटीतून उतरताना म्हाताऱ्यांना हात देत होता.

शेवटच्या रात्री टूर मॅनेजरला माझी दया आली असावी. मुलांच्या खेळायच्या खोलीतून तो एक रबरी शिक्का घेऊन आला, त्याच्यावर नांगर आणि एक हसरा डॉल्फिन. "काकू, आणा पासपोर्ट, मारून टाकू." पासपोर्ट त्याच संध्याकाळी परत मिळाला होता. माझा हात पर्सकडे गेला सुद्धा. पण नाही. पासपोर्ट आपला नसतो, भारत सरकारची मालमत्ता असतो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तसं आहे आणि पासपोर्टमध्येही ते छापलेलं असतं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये एवढ्या काळजीने छापलेल्या पानावर डॉल्फिन? उद्या एखाद्या व्हिसावाल्याने विचारलं की हा कुठला देश, तर मी काय सांगू? वन्संनी लिश्टेनश्टाइनला, म्हणजे युरोपातला तो चिमुकला देश, तिथे वाडूझ गावात टूरिस्ट ऑफिस आहे, तिथे पैसे भरून हौसेचा शिक्का मारून घेतलाय आणि तो सगळ्यांना अगदी खरा म्हणून दाखवतात. आपले सगळे ग्रुप तिथे थांबतात म्हणे, लाईन लागते. पैसे देऊन शिक्का! आमच्याकडे अशाने सस्पेंड झाले असते लोक. डॉल्फिन मी टिश्यू पेपरवर मारून घेतला.

परत आलो तेव्हा मुंबईने मात्र दुसरा शिक्का मारला, हा सरळ होता. आता माझा पासपोर्ट उघडून बघाल तर मी मुंबईहून निघाले आणि मुंबईला परत आले एवढंच दिसतं. मधल्या काळात मी कुठे होते याचा भारत सरकारकडे, सिंगापूरचा ईमेल सोडला तर, काडीचा पुरावा नाही. जवळजवळ सगळी पानं शिल्लक आहेत, आणि हिशोब लिहायची सूचना घरातून पुन्हा आलेली आहे.

पोस्टकार्ड पोचलं. वन्संनी ते निरखून बघितलं, शिक्क्याची तारीफ केली आणि मग विचारलं, "पण हा तुझ्या पासपोर्टवर का नाही गं?" मी पण मग सांगून टाकलं की वन्सं, युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवीन सिस्टीम सुरू झालीये, शिक्क्याच्या जागी तुमचा फोटो घेतात आणि व्हिसाला दिलेले तुमच्याच बोटांचे ठसे जुळवून बघतात, आणि शिक्के पूर्ण बंद करायची तारीख त्यांनी १० एप्रिल २०२६ धरलेली. पुढच्या वेळी तुम्ही शाई लावून घ्यायची नाही, तुम्हीच ठसे द्यायचे. त्या दिवशी चिवडा जरा कमी आला.

बोटीचं चित्र काही आता मिळत नाही हे कळल्यावर टूर मॅनेजरने मेसेज केला की अंटार्क्टिकाला पोर्ट लॉकरॉय म्हणून जागा आहे, तिथे पोस्ट ऑफिस आहे, आजूबाजूला पेंग्विन, आणि हौसेचा शिक्का मिळतो. जायला बोटच लागते. यांनी त्या टूरची किंमत बघितली, फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "दादरला रबर स्टॅम्प करून देतात. दीड-दोनशेत होईल. बोट पाहिजे ना, बोट काढून घेऊ."

मी म्हटलं, पासपोर्टवर मी मारणार नाही.

"झेरॉक्सवर मार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बोट मी काढली, ती यांना होडी वाटतीये, आणि चौकटीचे कोपरे टोकदार ठेवायचे का गोल यावर सध्या आमचं भांडण चालू आहे. टोकदार म्हणजे आलो, गोल म्हणजे गेलो, हे मी यांना समजावतेय, आणि यांचं म्हणणं आहे की दुकानदार कोपऱ्याचे जास्तीचे पैसे लावेल.