गाडीला माझी झोप कळते. बरं. पण अजून कोणाकोणाला कळते?

मागच्या महिन्यात माहेरी कारंज्याला निघालो होतो. सिन्नरला समृद्धीवर चढलो, जालना मागे टाकलं. दुपारचे अडीच. भाकरी-पिठलं खाऊन तासही झाला नव्हता, शेजारी नवरा घोरत होता, आणि समोर तो सरळसोट काँक्रीटचा रस्ता. तेवढ्यात गाडीने ‘टुंग टुंग’ केलं आणि मीटरवर वाफाळत्या कपाचं चित्र आलं.

मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं, काय झालं? पेट्रोल संपलं का?”

“नाही हो आई. गाडी म्हणतेय मला झोप आलीय.”

“मग खरंच बोलतेय की! मघापासून तीन जांभया मोजल्यात मी. पण तिला कोणी सांगितलं?”

मेहकरच्या अलीकडे थांबलो, तोंडावर पाणी मारलं, पुढची गाडी नवऱ्याने चालवली. आईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. तिला कोणी सांगितलं, हे शोधायला बसले. त्यातून दुसरा प्रश्न निघाला: ती पुढे कोणाला सांगते?

आधी पहिल्याबद्दल.

चालकाची झोप ओळखण्याची जुनी पद्धत कॅमेऱ्याशिवायची आहे. जागा माणूस स्टिअरिंग सतत किंचित किंचित हलवत असतो, त्याचं त्यालाही कळत नाही. पेंग आली की हे बारीक हलवणं थांबतं, गाडी जरा वाहवत जाते आणि मग एकदम दचकून झटका बसतो. हा नमुना स्टिअरिंगच्या सेन्सरला पकडता येतो. मर्सिडीजने 2009 मध्ये आणलेली यंत्रणा मुख्यतः याच तत्त्वावर चालते. त्यात तुमचा चेहरा कुठेच येत नाही.

आमच्या गाडीत मात्र स्टिअरिंगच्या पुढे, मीटरच्या कडेला एक काळी चकचकीत पट्टी आहे. तिच्यामागे कॅमेरा आहे आणि त्याच्या बाजूला इन्फ्रारेड दिवे. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो, त्यामुळे अमावास्येच्या रात्रीही चेहरा स्पष्ट येतो. बऱ्याचशा गॉगलांमधूनही डोळे दिसतात. गाड्यांमध्ये असं पहिल्यांदा 2006 च्या सुमारास लेक्ससने केलं.

पुढचा भाग मला खरंच गमतीचा वाटला. कॉम्प्युटर चेहऱ्यावर ठिपके मांडतो. डोळ्यांचे कोपरे, पापण्या, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा. रांगोळीचे ठिपकेच म्हणा. एका गाजलेल्या पद्धतीत प्रत्येक डोळ्याभोवती सहा ठिपके असतात. वरच्या-खालच्या पापणीतलं अंतर भागिले डोळ्याची रुंदी. डोळा उघडा असेपर्यंत हा आकडा जवळपास स्थिर राहतो, मिटला की शून्याकडे घसरतो. साधी उघडझाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास संपते, म्हणून एकदा घसरला तर यंत्र काही बोलत नाही. ते बघतं की गेल्या मिनिटभरात पापण्यांनी बाहुली 80 टक्के किंवा त्याहून जास्त झाकलेली होती असा वेळ किती. या मापाला ‘पर्क्लोज’ म्हणतात. ते 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात संशोधकांनी बसवलं. जांभई ओठांच्या ठिपक्यांवरून कळते, मान कुठे वळली ते नाकाच्या शेंड्यावरून.

चुकाही होतात. डाव्या आरशात जरा जास्त वेळ बघितलं तर आमची गाडी मला दटावते. 2022 मध्ये चीनमधल्या एका वाहन-ब्लॉगरने जाहीर तक्रार केली होती की माझे डोळे मुळातच बारीक आहेत, मी झोपलेलो नाही, तरी गाडी मला झोपाळू ठरवते. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही, पुढे सांगते का ते.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर कमेंटमध्ये “मग नका घेऊ ना अशी गाडी” येईल. मला हे यंत्र हवं आहे. ताशी 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. तीन सेकंद डुलकी लागली तर शंभर मीटर अंतर गाडीत कोणीच जागं नसल्यासारखं गेलं. समृद्धी सुरू झाल्यावर ‘हायवे हिप्नोसिस’ (सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुन्न होणं) हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही पोचला, तो उगाच नाही. त्या दुपारी तो कप दिसला नसता तर मी थांबले नसते. मागे सासूबाई होत्या.

पण हे सगळं होण्यासाठी लागतं काय? ठिपके, एक भागाकार, एक टुंग. माझं नाव लागत नाही, फोटो साठवावा लागत नाही, इंटरनेट तर मुळीच लागत नाही. हिशेब गाडीतल्या गाडीत होतो आणि लगेच पुसून टाकता येतो.

युरोपने नेमकं हेच कायद्यात लिहून ठेवलंय. तिथे जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीत झोपेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि लक्ष विचलित झाल्याचा इशारा जुलै 2026 पासून. ताशी 50 च्या वर वेग असताना साडेतीन सेकंद नजर खाली राहिली की गाडीने बोललं पाहिजे, इतकं बारीक मोजमाप नियमात आहे. आणि त्याच कायद्यात पुढे आहे: ही यंत्रणा सतत रेकॉर्डिंग करणार नाही, कामापुरती सोडून माहिती ठेवणार नाही, माहिती बंद वर्तुळात राहील, तिसऱ्या कोणालाही कधीही मिळणार नाही आणि काम झालं की ताबडतोब पुसली जाईल. सक्ती आणि तोंडबंदी एकाच दमात. सरकार मला कॅमेऱ्यासमोर बसायला लावणार असेल तर ही दुसरी अट आलीच पाहिजे.

आमची गाडी घेताना मी शोरूममधल्या पोराला विचारलं होतं, हा कॅमेरा रेकॉर्डिंग करतो का? तो म्हणाला, “मॅडम, काळजीच करू नका, सगळं क्लाउडवर सेफ असतं.” बिचाऱ्याने मनापासून दिलासा दिला. क्लाउड म्हणजे गाडीबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर. मला नेमकी त्याचीच भीती होती.

कारण भिंग एकच असतं, कामं वाढत जातात. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्या नोव्हेंबर 2024 मध्ये बाजारासमोर आल्या. त्यांच्या वरच्या मॉडेलांतला आतला कॅमेरा चालकाची पेंगही ओळखतो आणि सेल्फी, व्हिडिओ कॉललाही चालतो. सोय म्हणून छानच. पण म्हणजे तांत्रिकदृष्ट्या केबिनमधलं चित्र बाहेर जाण्याची वाट तयार असते. कधी काय जाईल हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि सॉफ्टवेअर रात्री अंगणात उभ्या गाडीत बदलतं. सकाळी स्क्रीनवर ‘मान्य’ दाबायचं की गाडी सुरू. तो मजकूर वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी एकदा वाचला. बेचाळीस मिनिटं लागली आणि शेवटी तरीही ‘मान्य’च दाबावं लागलं, कारण ‘अमान्य’ असं बटणच नव्हतं.

माहिती बाहेर गेली तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं जनरल मोटर्सचं प्रकरण. त्यात डोळ्यांचा कॅमेरा नव्हता, हे आधीच स्पष्ट करते. गाडी जोरात ब्रेक केव्हा मारते, वेग कधी वाढवते, किती वाजता चालते, एवढंच गोळा होत होतं. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की ही माहिती डेटा-दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जाते. एका गृहस्थांचा हप्ता 21 टक्के वाढला, त्यांनी कारण शोधलं तर दलालाकडे त्यांच्या गाडीच्या सहा महिन्यांतल्या 640 फेऱ्यांची जंत्री निघाली. आपण यात सामील झालोय हे अनेक मालकांना माहीतच नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जनरल मोटर्सला, ग्राहकांचे असले अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना ही माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घालणारी कारवाई जाहीर केली. आता ब्रेकच्या जागी पापण्या घाला. ‘या बाई दुपारी अडीचला पेंगतात.’ विम्यासाठी केवढी मोलाची ओळ!

तरी मी नशीबवान आहे. गाडी माझी आहे, फार तर पुढची गाडी घेताना मी दुसरी निवडेन. माझ्या मामेभावाला ही सोय नाही, आणि ही पोस्ट लिहायला बसले ती खरं तर दादामुळे.

दादा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे स्टाफ बसवर ड्रायव्हर आहे. कारखान्याच्या तिन्ही शिफ्टची माणसं ने-आण करायची. दीड वर्षापूर्वी त्याच्या काचेवर दुतोंडी कॅमेरा बसला. एक डोळा रस्त्यावर, एक डोळा दादावर. झोप, जांभई, फोन, सिगारेट, सगळं ओळखतो. केबिनमध्ये इशारा वाजतोच, पण सोबत दहा-पंधरा सेकंदांची क्लिप ऑफिसात जाते. दोन मिनिटांत सुपरवायझरचा फोन: “काय रे, झोपतो काय?” म्हणजे गाडी चालवताना फोन घेऊ नको म्हणणारं यंत्र आणि गाडी चालवताना फोन करणारा साहेब, दोघेही एकाच सिस्टीममध्ये. महिन्याला गुण मिळतात. गुण घसरले की बोनस कापला जातो.

दादाचे डोळे आमच्या मामासारखे, मुळात मिटल्यासारखे. हसला की दिसतच नाहीत. म्हणून त्या चिनी ब्लॉगरचं वाचून मला हसू आलं नाही.

सुरुवातीला त्याने वहिनीची टिकली भिंगावर लावून बघितली. मोठी, मरून. दोन दिवस शांततेत गेले, तिसऱ्या दिवशी ‘कॅमेरा झाकलेला आहे’ असा अहवाल गेला आणि पाचशे रुपये कापले. टिकली अजून डॅशबोर्डवर चिकटलेली आहे.

मी त्याला विचारलं, दादा, तुला झोप येते का खरंच? म्हणाला, “येते की. रात्रीची शिफ्ट सोडून पहाटे पाचला आलो की सातला पुन्हा जनरल शिफ्टची माणसं घ्यायची. न यायला मी काय घुबड आहे का?” 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती. त्याच्या पापण्या सेकंदाला कितीतरी वेळा मोजणाऱ्या त्या यंत्राला त्याचे तास मोजणं किती सोपं असेल! ड्यूटी किती वाजता सुरू झाली हे त्याला माहीत असतं. पण त्या आकड्यावर कोणाला फोन जात नाही. मालकाला तर नाहीच.

आपल्याकडे कायदा आहे का? आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि महत्त्वाची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती घ्या, कशासाठी ते सांगा, काम झालं की पुसा, हे सगळं त्यात आहे. मोठ्या उल्लंघनाला 250 कोटींपर्यंत दंड आहे. पण कलम 7 वाचा. संमतीशिवाय माहिती कुठे वापरता येईल त्याची तिथे यादी आहे, आणि तिच्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसान किंवा जबाबदारीपासून वाचवण्यासाठी असा रस्ता ठेवलाय. मला गाडीचा ‘मान्य’ तरी दाबायला मिळतो. दादाला विचारायचीही गरज नाही, असा अर्थ कोणताही मालक काढू शकेल. शिवाय 2011 च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहितीला ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी वागणूक होती, नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. चेहऱ्याला आणि मोबाइल नंबरला एकच माप.

आणि हे लवकरच फार मोठ्या प्रमाणावर होणार आहे. मार्च 2025 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा मसुदा आला, त्यात बस आणि जड ट्रकमध्ये आपोआप लागणारा ब्रेक, लेन सोडल्याचा इशारा आणि चालकाच्या पेंगेचा इशारा या तिन्ही गोष्टी सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव होता. मी याच्या बाजूने आहे. रातराणीने मीही जाते, पुढे बसलेला माणूस जागा असावा असं मलाही वाटतं. फक्त युरोपने जशी सक्तीसोबत दुसरी ओळ लिहिली, तशी ओळ इथेही हवी. इशारा केबिनमध्ये वाजावा, जितका मोठा वाजायचा तितका वाजू दे. सीट हलू दे. क्लिप मात्र अपघात झाला तरच उघडावी, पगार कापायला नाही. बाहेर काही जायचंच असेल तर एवढंच जावं की ‘या गाडीचा चालक थकलाय, बदली पाठवा’. आणि बदली पाठवली का याची नोंद मालकाच्या नावावर व्हावी.

कोणी म्हणेल, बाई, चोराच्या मनात चांदणं, नीट चालवणाऱ्याला कसली भीती? काल रात्री दादाशी बोलले. त्याने आता नवीन युक्ती काढलीय. जांभई आली की तो तोंड उजव्या खिडकीकडे वळवतो, म्हणजे कॅमेऱ्याला ओठ दिसत नाहीत. चाळीस माणसं मागे, पहाटेची वेळ, आणि ड्रायव्हर बाहेर अंधारात बघत जांभई देतोय.

“मग वाजत नाही का?” मी विचारलं.

“वाजतं ना,” म्हणाला. “पण तो ‘लक्ष नाही’वाला वाजतो. त्याचे गुण कमी कापतात.”