गुरुजींचं लेटरहेड

बी.ए.ला संगीत घेतलंय आणि वाद्य व्हायोलिन? म्हणजे शिष्यवृत्तीवर तुमचा हक्कच आहे, भाऊ. फक्त क्रम चुकवू नका.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी योजना आहे. वय १८ ते २५, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं. पैसे सहामाही हप्त्यांत. घरमालकालाही भाडं सहामाही घ्यायला पटवा, नागपूरकर माणूस दिलदार असतो. मोठी अट ही, गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं. मेख लक्षात आली? फी परवडत नाही म्हणून दुसऱ्याच वर्षी ज्याची शिकवणी सुटली, तो यात बसतच नाही. तेव्हा गरिबी जरा बेतानं ठेवा. पाच वर्षं फी भरता यावी, सहाव्या वर्षी अर्जही करता यावा, इतपत.

रियाज चालू ठेवा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, लाकूड वाळून खुंट्या सैल. आत कूलरची दमट हवा, त्याच खुंट्या घट्ट. सा-प-सा-प लावेपर्यंत तास जातो. तंबोऱ्याचा खर्च मात्र वाचतो, कूलर एकाच सुरात घुमतो. तो कुठला सूर, ते विचारू नका.

मामा विचारतील, "यात पुढे काय?" सांगा, व्हायोलिनवादक एन. राजम बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापक होत्या. मामा म्हणतील, "त्या झाल्या नं. तुह्यं काय?" इथे गप्प राहून व्हायोलिनच्या गजाला राळ लावत बसायचं.

आता कागद. राज्याच्या फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, सगळं आणा. आणि वाद्याचं नाव सगळीकडे सारखं लिहून घ्या. माझ्या एका कागदावर 'व्हायोलिन' होतं, दुसऱ्यावर 'वायलीन'. खिडकीमागच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "दोन वाद्यं वाजवता?" हो म्हणायला हवं होतं.

सगळ्यात अवघड कागद गुरुजींचा. आमचे गुरुजी नागपूरच्या महाल भागात, घराच्या पुढच्या खोलीत शिकवायचे. पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. फी पाकिटात, तीही आठवली तर. 'पाच वर्षं शिकला' एवढं लिहून मागितलं, तर म्हणाले, "लिहून कशाला? यमन वाजवून दाखव त्यांना." यमनाची पाळी अर्ज पास झाल्यावर येते, हे त्यांना सांगायला जीभ रेटेना.

शेवटी मीच सीताबर्डीवर त्यांचं लेटरहेड छापून घेतलं. प्रेसवाला शंभराच्या खाली छापेना. तुम्हीही शंभरच छापा. एक माझ्या अर्जाला लागलं. उरलेल्या नव्याण्णवांच्या पाठकोऱ्या बाजूवर गुरुजी अजून पोरांना बंदिशी लिहून देतात.