क्रूझच्या केबिनमधल्या तिजोरीची बदनामी

सुट्ट्या जवळ आल्या की कुटुंबाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. वर तीन लाल दिवे, खाली "क्रूझला जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचवा". मजकुराचा सारांश असा. केबिनमधली तिजोरी चुकूनही वापरू नका, प्रत्येक सफाईवाल्याकडे मास्टर कोड असतो. दागिने मळक्या कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात नाहीतर बाळाच्या डायपरमध्ये गुंडाळून ठेवा. दाराला दिवसभर 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी लावा. पासपोर्ट क्षणभरही अंगावेगळा करू नका. एवढं करूनही चोरी झाली तर काळजी नको, जहाजाचा विमा असतो, कंपनी सगळं भरून देते. आणि सर्वांत शेवटी, वरच्या वाक्याशी अजिबात न जुळणारं, "समुद्रात पोलीस नसतात, तक्रारीचा उपयोग नाही."

आता मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे क्रूझ सुटतात, सिंगापूरहून पेनांग-फुकेतची सफर तर आता पंचविसाव्या वाढदिवसाचीही भेट झाली आहे. त्यामुळे हा मेसेज वाचणाऱ्यांत खरोखर जाणारेही बरेच असतात. म्हणून एकेक दावा घेतो.

"प्रत्येक सफाईवाल्याकडे मास्टर कोड असतो."

तिजोरी उघडायची दुसरी वाट असते, हे खरं. ती असावीच लागते. रोज कोणीतरी कोड विसरतं, कोणाच्या तिजोरीची बॅटरी संपते, कोणाचं पोर चार वेळा चुकीचे आकडे दाबून ती अडकवून ठेवतं. मात्र ही वाट केबिन आवरणाऱ्या स्टुअर्डच्या खिशात नसते. त्याचं कार्ड त्याच्या वाट्याच्या केबिनची दारं उघडतं, तिजोरी नाही. तिजोरी उघडायला सुरक्षा विभागाचा किंवा तसा अधिकार दिलेला माणूस वेगळं यंत्र, किल्ली किंवा कोड घेऊन येतो. तो आधी तुमची ओळख तपासतो, आणि त्याची नोंद होते.

दाराचंही तसंच. जहाजावरची इलेक्ट्रॉनिक कुलपं कोणत्या कार्डाने कधी उघडली याची नोंद ठेवतात. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ सुरक्षेचा जो कायदा केला, त्यात प्रवाशांच्या केबिनमध्ये कोणत्या कर्मचाऱ्यांनी आणि कोणत्या वेळात जायचं याचे नियम कंपनीने ठरवलेच पाहिजेत, असं बंधन आहे. त्यानंतर बांधायला घेतलेल्या जहाजांवर ठरावीक वेळेनंतर निकामी होणारी कार्डं वापरायची अटही त्यातच आली. हा कायदा अमेरिकी बंदरांत प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांना लागू आहे.

आता त्या स्टुअर्डच्या बाजूने पाहा. गोव्यात सासष्टी-बार्देशमध्ये आणि कोकणातही 'शिपवर' असलेली माणसं कमी नाहीत, त्यांच्यापैकी कोणालाही विचारा. सहा-नऊ महिन्यांचं कंत्राट, घरच्या कर्जाचे हप्ते त्या डॉलरवर चाललेले. केबिनमधून काही गेलं की पहिला संशय त्याच्यावर आणि दाराच्या नोंदीत पहिलं नाव त्याचंच. चोरी सिद्ध झाली तर पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात आणि भरती करणारा एजंट पुन्हा दारात उभं करत नाही. सगळेच धुतल्या तांदळाचे असतात असं मी म्हणत नाही. पण एका पाटलीसाठी एवढं पणाला लावणारा माणूस, त्याच्याच नावावर नोंद होणाऱ्या केबिनमधली तिजोरी फोडेल, हे चित्र व्हॉट्सअॅपवरच शोभतं.

संशयाला थोडा आधार आहे तो वेगळ्याच कारणाने. जमिनीवरच्या काही हॉटेलांत तिजोरीचा कारखान्यातून आलेला कोड, म्हणजे सहा शून्यं वगैरे, कोणी बदललेलाच नव्हता. असे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत आणि ते खरे आहेत. म्हणून पहिल्या दिवशी काहीही आत ठेवण्यापूर्वी दोन मिनिटं द्या. तिजोरी हलवून पाहा, ती फळीला बोल्टने घट्ट बसवलेली असायला हवी. दार उघडंच ठेवून कोड टाका, खिट्ट्या बाहेर येतात का आणि त्याच कोडने आत जातात का ते पाहा. काही खटकलं तर गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे जहाजाच्या मदत काउंटरला, कळवा. काही जुन्या जहाजांवर आकड्यांऐवजी चुंबकीय पट्टीचं कार्ड घासून तिजोरी बंद करायची असते. तिथे केबिनचंच कार्ड वापरू नका, नाहीतर ते ज्याला सापडेल त्याला दार आणि तिजोरी दोन्ही मिळतील.

आणि कोड. आपल्याकडे १२३४, जन्मसाल आणि केबिन क्रमांक यांच्यापलीकडे कल्पनाशक्ती जात नाही. केबिन क्रमांक कोड म्हणून ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. त्याला मास्टर कोड लागत नाही.

"दागिने मळक्या कपड्यांत, अभ्र्यात, डायपरमध्ये लपवा."

या संपूर्ण मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला. जहाजावरची केबिन दिवसातून एकदा, काही ठिकाणी दोनदा आवरली जाते. चादरी, अभ्रे, टॉवेल गोळा होऊन थेट खालच्या डेकवरच्या धुलाईत जातात. तिथे हजारो प्रवाशांचे कपडे एकत्र असतात, त्यातून तुमचा अभ्रा शोधायला कोणी बसलेलं नसतं. गुंडाळलेला डायपर तर कचराच दिसणार. तो कचराच दिसावा हीच तुमची युक्ती होती ना? मोठ्या जहाजांवर कचरा वेगळा काढून त्यातला जळणारा भाग जहाजावरच्या भट्टीत जाळतात, कारण समुद्रात काय टाकायचं यावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. टिश्यूत गुंडाळलेली कुडी स्टुअर्डने प्रामाणिकपणे कचऱ्यात टाकली तर चोर कोणाला म्हणणार? गादीखालीही नको. दोन पलंग जोडायचे किंवा वेगळे करायचे असले की गाद्या उचलल्या जातात.

दुसरं म्हणजे विसर. तिजोरीची जागा एकच असते, म्हणून ती आठवते. सासूबाईंनी एक पुडी सँडलमध्ये, सूनबाईंनी एक औषधांच्या डब्यात आणि काकांनी पैसे चष्म्याच्या घरात ठेवले की उतरायच्या सकाळी काय होतं? त्या सकाळी जहाज घाईत असतं. केबिन लवकर रिकामी करायला सांगतात, कारण त्याच दिवशी नवे प्रवासी चढायचे असतात. आणि बॅगा त्याआधीच गेलेल्या असतात.

त्या बॅगांबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही, आणि खरी भीती तिथेच आहे. क्रूझवर मोठ्या बॅगा तुमच्यासोबत चढत नाहीत. टर्मिनलवर त्या हमालांच्या ताब्यात जातात आणि काही तासांनी केबिनच्या दाराशी येतात. शेवटच्या रात्री उलटा प्रकार होतो, बॅगा भरून, टॅग लावून कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या. त्या रात्रभर कुठेतरी असतात आणि सकाळी टर्मिनलवर रांगेत भेटतात. मेसेज वाचून ज्यांनी दागिने मळक्या कपड्यांत ठेवले, त्यांचे मळके कपडे नेमके याच बॅगेत जातात. चढताना आणि उतरताना दागिने, औषधं, कागदपत्रं खांद्यावरच्या लहान पिशवीत हवीत, मग केबिन कशीही असो. तिजोरीत काही विसरू नये म्हणून लोक एक युक्ती करतात, मला ती आवडते: उतरताना घालायच्या चपलांपैकी एक रात्री तिजोरीत ठेवायची.

"दिवसभर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा."

पाटीने दार अडत नाही. आतली कडी फक्त तुम्ही आत असताना उपयोगाची. पाटी खूप वेळ लटकली तर आत कोणी आजारी तर नाही, हे पाहायला कर्मचारी येतातच. शिवाय टॉवेल बदलून मिळत नाहीत, ही तक्रार पुन्हा आपणच करणार.

दार उघडं राहतं ते आपल्यामुळे. एका घराच्या चार केबिन ओळीत घेतल्या की पहिल्याच संध्याकाळी कॉरिडॉरचं चाळीतलं गॅलरी-राज्य होतं. दाराला बॅग नाहीतर खुर्ची अडकवून ठेवलेली, मुलं या केबिनमधून त्या केबिनमध्ये, लाडवांचा डबा फिरतोय, आणि टेबलावर आताच काढलेल्या बांगड्या. (मौज आहे, मला मान्य आहे. पण तेव्हा बांगड्या आत टाकायला दहा सेकंद लागतात.) कार्डं मुलांच्या गळ्यात असतात आणि ती स्विमिंग पूलच्या खुर्चीवर राहतात. कार्ड हरवलं तर लगेच कळवा, जुनं तिथल्या तिथे बंद करून नवं देतात. बाल्कनी असेल तर जहाज बंदराला लागलेलं असताना तिचंही दार लावून घ्या.

स्विमिंग पूलचं पण तेच. मंगळसूत्र गळ्यात असेपर्यंत ते सुरक्षित असतं. पाण्यात उतरताना काढून टॉवेलखाली ठेवलं की संपलं.

"पासपोर्ट क्षणभरही अंगावेगळा करू नका."

जहाजावर तुमची ओळख केबिनच्या कार्डावर चालते. चढता-उतरताना ते लावलं की सुरक्षा रक्षकाच्या पडद्यावर तुमचा फोटो येतो. बारपासून दुकानापर्यंत खर्चही त्याच कार्डावर पडतो, म्हणून रोकडही फारशी लागत नाही. काही मार्गांवर तर जहाजच सगळ्यांचे पासपोर्ट जमा करून घेतं आणि शेवटी परत देतं. ते पाहून मेसेज वाचलेल्या मंडळींची धांदल उडते, पण ही नेहमीची पद्धत आहे. इतर वेळी पासपोर्टची जागा तिजोरीत. बंदरात उतरताना मूळ पासपोर्ट लागणार असेल तर जहाजाच्या रोजच्या पत्रकात किंवा अॅपवर तसं लिहिलेलं असतं. नाहीतर झेरॉक्स आणि फोनमधला फोटो पुरतो.

फुकेतच्या बाजारात पासपोर्ट गेला तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, पण ते भारतात परत येण्यापुरतंच असतं. त्यावर पुढची सफर होत नाही.

"कंपनी पूर्ण भरपाई देते."

इथे मेसेज उघडउघड खोटं बोलतो. समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीसाठी अथेन्स करार आहे, मूळ १९७४ चा, २००२ मध्ये सुधारलेला आणि त्या रूपात २०१४ पासून अमलात आलेला. तो लागू असतो तिथे नियम असा: रोकड, सोनं, दागिने आणि इतर मौल्यवान वस्तूंना वाहतूकदार जबाबदार नाही. अपवाद एकच, त्या सुरक्षित ठेवण्यासाठी ठरवून त्याच्या ताब्यात दिलेल्या असल्या तर. आणि अनेक कंपन्या तिकिटाच्या अटींत सरळ लिहितात की केबिनमधली तिजोरी वापरणं म्हणजे वस्तू आमच्या ताब्यात देणं नव्हे.

ताब्यात देणं म्हणजे गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन, वस्तू दाखवून, पावती घेऊन ठेवणं, जिथे तशी सोय आहे तिथे. त्यातही मर्यादा आहे, माणशी ३,३७५ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे आणि ही रक्कम साधारण साडेचार हजार डॉलर होते, म्हणजे चार लाख रुपयांच्या आसपास. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं. म्हणजे पावती हातात असूनही चार तोळ्यांपेक्षा कमी सोन्याचंच संरक्षण, तेही करार लागू असेल तर. करार लागू नसेल तर तिकिटाच्या अटीच बोलतात.

प्रवास विम्यावरही हवाला ठेवू नका. बऱ्याच पॉलिसींत पासपोर्ट हरवल्याचा खर्च मिळतो, पण दागिने आणि रोकड वगळलेली असते. घराच्या विम्यात दागिन्यांचं कलम असेल तर ते परदेशात आणि प्रवासात चालतं का, हे निघण्यापूर्वी एजंटकडून लेखी विचारून घ्या. सोनं परदेशात नेणारच असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्रही घ्या, नाहीतर परतीला तेच दागिने बाहेरून आणलेले नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं.

एका गाला नाइटसाठी, म्हणजे नटूनथटून जायच्या संध्याकाळसाठी, खरा हार लागतोच का, याचं उत्तर ज्याने त्याने घरीच ठरवावं. मी इमिटेशनवाल्यांच्या बाजूचा आहे.

"समुद्रात पोलीस नसतात."

गणवेशातले नसतात, पण कायदा असतो. २००४ मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेनुसार जहाजावर सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्याचा कायदा चालतो, बंदरात त्या बंदराच्या देशाचा. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते. अमेरिकेच्या त्या २०१० च्या कायद्यात दहा हजार डॉलरवरची चोरी एफबीआयला कळवणं जहाजावर बंधनकारक आहे. मुंबईला परतलात तर बंदराच्या हद्दीसाठी यलो गेट पोलीस ठाणं आहे.

तक्रार निष्फळ ठरते ती उशिरामुळे. घरी पोहोचून बॅग उघडल्यावर आठवलं तर दाराची नोंद, कॉरिडॉरचं चित्रण आणि त्या मजल्यावरची माणसं, सगळं तुमच्यापासून दूर गेलेलं असतं. वस्तू दिसत नाही असं लक्षात येताच गेस्ट सर्व्हिसेसला सांगा, दाराच्या कुलपाची आणि तिजोरीची नोंद तपासायला सांगा, आणि उतरण्यापूर्वी तक्रारीची लेखी प्रत घ्या. त्यावर तारीख, केबिन क्रमांक, वस्तूचं वर्णन आणि अधिकाऱ्याची सही हवी. विम्याचा दावा करायचा असेल तर कंपनी पहिल्यांदा तीच प्रत मागते.