मंत्री सभागृहात बोलले म्हणजे कायदा झाला, असं नसतं हो

आठ दिवसांपासून आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअप ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. "मंत्र्यानं विधानसभेत घोषणा केली की तो कायदाच. 145 आमदार पाठीशी असले की बिल पास. विधान परिषद नुसती नावाला. राज्यपालांना 14 दिवसांत सही करावीच लागते. अधिकारी नाही म्हणला तर त्याची तक्रार करा." मी दुय्यम निबंधक ऑफिसच्या बाहेर दस्त लिहितो, लोक हा मेसेज उघडून मोबाईल माझ्या टेबलावर ठेवायलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी घोषणेचं, कारण लोकांचे पैसे इथंच अडकायलेत. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की 1 गुंठ्यापर्यंतच्या जुन्या तुकड्यांवरची तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या मापाखालचा जमिनीचा तुकडा विकायला असलेली बंदी, उठवणार. बरोबर आहे, सांगितलं. पण तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे आणि तो बदलायचा तर दुसरा कायदा लागतो, किंवा अधिवेशन चालू नसेल तर राज्यपालांच्या सहीचा अध्यादेश लागतो. तो अध्यादेश आला नोव्हेंबरात. मधले महिने जुनाच कायदा, जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे, त्याच्या खालचा तुकडा विकता येत नव्हता. पोळ्याच्या आधी एक गडी आला, कॅरीबॅगमध्ये सातबारा, आधारची झेरॉक्स आणि 500 च्या बॉन्डवर लिहिलेली इसार पावती, सोयाबीन विकून 60 हजार दिलेले. आत निबंधक साहेबांनी दस्त परत केला तर बाहेर येऊन माझ्याशी भांडला, "टीव्हीवर मंत्री बोललेलं मी सोता ऐकलंय." त्यानं ऐकलं ते खरंच होतं, पण साहेब तरी काय करणार, त्यांच्यासमोर कायद्याचं पुस्तक जुनंच होतं ना.

आणि अध्यादेश आला म्हणजे कायमचं झालं असंही नाही. चालू असेपर्यंत त्याची ताकद कायद्याएवढीच, पण पुढचं अधिवेशन भरल्यापासून 6 आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक पास करून घ्यावं लागतं, नाहीतर तो आपोआप संपतो.

145 चा आकडा कुठून आला ते कळतं, 288 च्या निम्म्याहून एक जास्त. पण तो सरकार टिकवायचा हिशोब झाला. साध्या विधेयकाला त्या वेळी हजर राहून मत देणाऱ्यांतलं बहुमत लागतं, आणि सभागृह चालायला एक दशांश म्हणजे 29 सदस्य हजर असले तरी गणपूर्ती होते. आता विचार करा, आपला आमदार त्या दिवशी सभागृहात होता का हा प्रश्न किती मोठा आहे! विधेयक मांडलं जातं, मग एकेक कलम घेऊन चर्चा, दुरुस्त्या, मग शेवटचं मतदान. हवं तर समितीकडं जातं. जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं होतं, लोकांच्या 12 हजारांवर सूचना आल्या, जुलै 2025 मध्ये पास झालं. म्हणजे मधे बोलायला जागा असते, आपण तिथं बोलत नाही आणि नंतर ग्रुपवर भांडतो.

परिषदेबद्दल मेसेज अर्धा खरा. 78 जणांचं ते सभागृह विधेयक कायमचं अडवू शकत नाही, पण पहिल्यांदा 3 महिने आणि विधानसभेनं पुन्हा पाठवलं तर आणखी 1 महिना लांबवू शकतं. दिल्लीत संसदेच्या दोन्ही सभागृहांची होते तशी संयुक्त बैठक राज्यात नसते.

14 दिवसांचा घोळ मात्र इथूनच झालेला दिसतो. 14 दिवस आहेत ते धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) परिषदेनं परत पाठवायचे, राज्यपालांचे नाहीत. राज्यपालांसमोर आलेल्या विधेयकावर ते सही करतात, किंवा फेरविचाराला परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत पाठवलेलं दोन्ही सभागृहांनी पुन्हा पास केलं तर मग संमती रोखता येत नाही. दिवसांचा आकडा घटनेच्या कलम 200 मध्ये कुठंच नाही, आणि 20 नोव्हेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानंही सांगितलं की कोर्ट अशी मुदत ठरवून देऊ शकत नाही. बायका-मुलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षेचं शक्ती विधेयक आठवा. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी पास केलं, राष्ट्रपतींकडं गेलं, आणि कायदा झालंच नाही. तरी कुठं अत्याचार झाला की आपल्याकडं मोर्चात पोरं बोर्ड धरतात, "शक्ती कायदा लावा". त्या पोरांचा राग खरा आहे, म्हणून तर वाईट वाटतं की त्यांना कुणी हे नीट सांगितलंच नाही.

सही झाली तरी सरकारच्या राजपत्रात (गॅझेटात) छापून यावं लागतं, आणि बऱ्याच कायद्यांत पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की सरकार अधिसूचना काढून ठरवेल त्या तारखेपासून अंमल.

ह्या सगळ्यातून गेलं की त्याला नंबर मिळतो. मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा घ्या, 29 नोव्हेंबरला पास, दुसऱ्या दिवशी राज्यपालांची सही, सन 2018 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 62. (तो पुढं 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टात रद्द झाला, म्हणजे नंबर मिळाला तरी कोर्टाची पायरी राहतेच.) तर इसार द्यायच्या आधी मेसेज पाठवणाऱ्याला तेवढा नंबर आणि राजपत्राची तारीख मागा. ती घेऊन माझ्याकडं या, कागद तपासून बसेल तर दस्त त्याच दिवशी लिहून देतो.