राउटर मेला नव्हता: नागपुरातल्या महालच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

जुन्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे मुख्य राउटरच्या केबलवरून दुसऱ्या खोलीत वायफाय देणारा डबा) कसं करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख वाचून खटाटोप केला, डीएचसीपी बंद करून सेव्ह दाबलं आणि राउटर मेला. रिसेट करून तसाच जोडला, तर आख्ख्या घराचं नेट बसलं. शेवटी हजार रुपयांचा रिपीटर (वायफायचा सिग्नल उचलून पुढे देणारा डबा) आणून प्लगमध्ये खोचला, पाच मिनिटांत काम झालं. वर ‘राउटरच्या सिग्नलची पॉवर कमी करा’ हा माझा सल्ला म्हणजे उलटी गंगा, आणि घरातल्या घरात पासवर्डचं एवढं स्तोम कशाला. शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिलीत, की थंडीत मागच्या खोलीत नेट यायचं, आता एप्रिलपासून रिपीटर लावूनही मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ.

आधी राउटरचं बघू. तो मेला नव्हता. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला पत्ता वाटून देण्याचं काम डीएचसीपी करतं. तुम्ही लॅपटॉप त्याच राउटरला जोडून त्याचं पत्ते वाटणं बंद केलंत, त्यामुळे लॅपटॉपलाच पत्ता मिळेना आणि सेटिंगचं पान उघडेना. दिवे लागलेत पण पान येत नाही, म्हटल्यावर कुणालाही तो गेला असंच वाटेल. मग टाचणीने रिसेट दाबलं, की राउटर मूळ पदावर येतो: पत्ता परत बहुधा १९२.१६८.१.१, पत्ते वाटणं परत चालू. असा राउटर घरच्या नेटवर्कला जोडला, की एकाच पत्त्याचे दोन मालक झाले. कोणता फोन कोणाचं ऐकेल याचा भरवसा नाही, आणि दुसऱ्या राउटरकडे तर बाहेरची वाटच नाही. घराचं नेट बसणारच.

म्हणून लेखात क्रमावर एवढा जोर दिला होता, तो पुन्हा नीट सांगतो. मुख्य राउटरची केबल अजिबात लावू नका. लॅपटॉप दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खोबणीला, जोडा. आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. पहिले तीन आकडे मुख्य राउटरचेच हवेत. काही फायबर जोडण्यांच्या राउटरवर ते १९२.१६८.२९ असे असतात, तेव्हा तुमच्याकडचे आधी पाहून घ्या. मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्यांत हा २ नंबर येत नाही ना, तेही बघा. पत्ता बदलला की नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून वायफायचं नाव, पासवर्ड, चॅनल (कोणता, ते खाली सांगतो) भरा. डीएचसीपी सगळ्यांत शेवटी बंद करा. त्यानंतर पान उघडणार नाही, आणि तेच बरोबर आहे. आता मुख्य राउटरकडून आलेली केबल याच्या लॅन पोर्टला लावा, वॅनचं, म्हणजे एरवी बाहेरचं इंटरनेट येतं ते, पोर्ट रिकामं ठेवा. लॅपटॉपला मुख्य राउटरकडून पत्ता मिळेल आणि १९२.१६८.१.२ टाकलं की पान परत दिसेल. बऱ्याच नव्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असं बटण असतं, ते हे सगळं आपणच करतं. तुमचा जुना आहे म्हणून हा व्याप.

आता रिपीटर. भाड्याच्या खोलीत घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसेल, तर रिपीटर लावावाच लागतो, त्यात काही वावगं नाही. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो लावलाय त्या जागी मुळात सिग्नल किती पोचतो, त्याहून जास्त तो कुठून देणार?

आणि एप्रिलमध्ये तुमच्याकडे बदललं काय, तर कूलर बसला. महालातल्या जुन्या घरांच्या भिंती चांगल्या हातभर जाड. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ त्यांतून जवळपास जातच नाही, २.४ कसाबसा जातो. तुमच्या मागच्या खोलीत नेट यायचं ते बहुधा अंगणातून, खिडकीवाटे. त्याच खिडकीत आता पत्र्याची पेटी, ओल्या ताट्या आणि खाली टाकीभर पाणी आहे. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. एका ओळखीच्यांच्या घरी मी हे फोनवर पाहिलं आहे: कूलर बाजूला ओढलेला असताना सिग्नल उणे ६० डीबीएमच्या (हे सिग्नलचं माप, उणे आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण) आसपास होता, कूलर परत खिडकीत बसवला तसा उणे ७५ च्याही खाली गेला. उणे ६७ च्या खाली व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो. जून संपेपर्यंत ती खिडकी बंदच धरा. रिपीटर पुढच्या खोलीत असो की मधल्या, कूलरच्या पलीकडे त्याचं काही चालणार नाही. केबल मात्र कूलरच्या बाजूने निमूट निघून जाते.

सीताबर्डीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात कॅट ६ ही नेटवर्कची केबल मिळते. घेताना निव्वळ तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते. निव्वळ तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत बेलाशक चालते. अंगणातून उन्हात नेणार असाल तर बाहेरची, काळ्या आवरणाची घ्या. अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीच्या जिन्यात लावू नका. घरगुती राउटर साधारण ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो.

पॉवरबद्दल. राउटर कितीही जोरात बोलला, तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा रेडिओ छोटा. चार काड्या दिसतात पण पान उघडत नाही, ते यामुळे. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असले की आणखी एक गोष्ट घडते. कोणाला धरायचं हे फोन ठरवतो, आणि पुढचा राउटर पूर्ण जोरात असला तर मागच्या खोलीतही फोन त्यालाच चिकटून राहतो. म्हणून दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, २.४ ची पॉवर मध्यम, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११. शेजारी भिंतीला भिंत असताना मधलाच ३ किंवा ८ नंबर निवडला, तर दोन्हीकडच्या घरांचा गोंगाट वाट्याला येतो.

पासवर्डवर मी मागे हटणार नाही. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून. तपास आधी त्या घराच्या दारात पोचला. वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए२ ठेवा, त्यात एईएस ही कूटपद्धत निवडा, आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडायची सोय) बंदच करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो फुटतो. हे २०११ मध्येच उघड झालंय. तुमच्या गल्लीत किती घरांतून तुमच्या वायफायचं नाव दिसतं, ते एकदा शेजाऱ्याच्या फोनवर बघा.

आता एवढं करा. दुसऱ्या राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरचा मॉडेल नंबर, मुख्य राउटरचा पत्ता, आणि पुढची खोली ते मागची खोली केबलची वाट किती मीटर होईल, हे इथेच खाली लिहा. फोटो टाकलात तर त्याच कागदावर पासवर्डही छापलेला असतो, तो झाकून टाका. आणि तोवर रिसेटला हात लावू नका.