पूर्वज फारच सज्जन निघाला

नातीला शाळेने वंशवृक्ष करून आणायला सांगितला होता. आईकडची बाजू जेवणाच्या आधीच उरकली. आमचा छापील कुलवृत्तांत उघडला, त्यात मूळपुरुषापासून माझ्यापर्यंत सगळे ओळीने उभे. मुली मात्र ‘यांस तीन कन्या’ एवढ्यावर आटोपलेल्या. त्यावरून लेकीने मला चार शब्द सुनावले, ते रास्तच होते.

मग आली जावयांची बाजू. ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे, घराणं मूळचं क्वेकर, म्हणजे युद्ध आणि पाद्री दोन्ही न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने 1681 मध्ये विल्यम पेन या क्वेकर गृहस्थाला या मुलखाची सनद दिली, त्यानंतर इंग्लंडातून बिऱ्हाड हलवून आलेल्यांपैकी. “बाबा, तुमची नोकरी जुन्या दफ्तरांतच गेली ना?” असं म्हणून जावईबापूंनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. लष्कराच्या भाकऱ्या मी जन्मभर भाजत आलोय. पण ज्यांना लष्कराचं वावडं, त्यांच्यासाठी भाजायची ही पहिलीच वेळ.

आधी वाटलं, थडग्यावरचं नाव वाचू आणि मोकळे होऊ. दफनभूमीवर गेलो तर नुसतं हिरवंगार गवत. दगडावर नाव कोरणं म्हणजे मिरवणं, असं त्या जुन्या मंडळींचं मत. म्हणजे माणूस आपल्या पायाखालीच कुठेतरी असणार, फक्त कुठे ते विचारायचं नाही.

राहता राहिल्या त्यांच्या मासिक सभांच्या, म्हणजे गावोगावचा पंथाचा कारभार पाहणाऱ्या बैठकांच्या, वह्या. पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी, आणि वह्याही वेगळ्या. बायकांच्या कारभाराची स्वतंत्र वही, हे ऐकून लेकीने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. अक्षर सुबक, पण शब्दाच्या मधला ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा काढलेला. त्यात जॉनचा मुलगा जॉन, त्याचाही मुलगा जॉन, आणि शेजारच्या गावात आणखी एक जॉन. आमचा जॉन आणि हा शेजारचा, दोघांच्याही बायका हॅना.

एका रात्री जावईबापू ओरडलेच, “बाबा, घोटाळा आहे!” जॉनचं लग्न तिसऱ्या महिन्यात आणि पहिला मुलगा त्याच वर्षाच्या पहिल्या महिन्यातला. लेक गालातल्या गालात हसली. पण महिन्यांना परक्या देवांची नावं नकोत म्हणून ही मंडळी नुसते आकडे लिहीत, आणि 1752 पूर्वी त्यांचा पहिला महिना असे मार्च. त्यातही नवीन साल लागायचं 25 मार्चला, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला जन्मलेलं पोर जुन्याच सालात जमा. म्हणजे लग्न मे महिन्यातलं आणि मुलगा पुढच्या मार्चमधला, सगळं रीतसर. अधिक महिन्यांत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. जावईबापू मात्र जरा हिरमुसलेच.

त्यांचं हिरमुसणं मला नंतर कळलं. या वह्यांमध्ये सज्जनाला जागाच नाही. जन्मला, लग्न केलं, दाखला घेऊन दुसऱ्या गावच्या सभेत गेला, मेला, झाला कारभार. पाद्री नसल्यामुळे लग्नाला हजर असलेले सगळे दाखल्यावर सह्या करत, तेवढीच काय ती गर्दी. पण कोणी नाचला, दारू प्याला, कर्ज बुडवलं, बाहेरच्या मुलीशी पाद्र्यासमोर लग्न लावलं, की पानंच्या पानं भरत. दोन वडीलधारे समजवायला जाणार, पुढच्या महिन्यात येऊन सांगणार की ऐकत नाही, पुन्हा दोघे जाणार, आणि शेवटी नाव कमी करण्याचा ठराव. हे वाळीत टाकणंही नव्हे. प्रार्थनेला येऊन बसायची मुभा होती, फक्त कारभारात तोंड घालायचं नाही. एवढ्यातेवढ्यावरून नाव कापणाऱ्या या सज्जनांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, हेही सांगायला हवं. 1688 मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी त्यावर लेखी हरकत घेतली. गुलाम बाळगणाऱ्यांना बाहेर काढायचं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं ते 1776 मध्ये.

या वह्यांतल्या नोंदी वेचून त्यांचे जाडजूड खंड 1936 पासून काढले विल्यम वेड हिन्शॉ नावाच्या गृहस्थाने. हा पूर्वी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारा गवई. गाण्याबजावण्याला नाकं मुरडणाऱ्यांची चित्रगुप्ती एका गवयाने करावी!

तर आम्ही मनोभावे पाप शोधत होतो. आणि सापडलं! मार्चमधल्या त्याच पोराने मोठेपणी सभेला न विचारता पाद्र्यासमोर लग्न लावलं. नुसत्या त्या एका प्रतापातून बायकोचं नाव मिळालं, सासऱ्याचं मिळालं, गावही मिळालं. जावईबापूंनी फोन करून आईला ही आनंदाची बातमी दिली.

पण पठ्ठ्याने पुढे लेखी माफी मागितली. सभेने ती वाचली, मान्य केली, त्याला परत घेतलं, आणि झाला की हा पुन्हा सज्जन! पुढे पानंच्या पानं उलटली, नावाला एक नोंद नाही. आता सगळी मदार त्याच्या मुलांवर. 1775 तोंडावर आलंय, स्वातंत्र्ययुद्ध पेटायच्या बेतात आहे, आणि बंदुकीला हात लावला की नाव कटलंच म्हणून समजा. घरात तिघे तरणेताठे आहेत. एखादा तरी बिघडेल.